घरघंटी, गिरणी आणि साताऱ्यातला चार्जर

सप्टेंबरातला शनिवार, दुपारचे दोन. साताऱ्याच्या अलीकडे महामार्गाला लागून असलेल्या एका हॉटेलच्या मागच्या अंगाला मी गाडी लावली. बॅटरी १७ टक्के. ॲपमध्ये हिरवा ठिपका आणि 'उपलब्ध' असा शब्द. चार्जरच्या पडद्यावर मात्र लाल पट्टी. हॉटेलातला पोऱ्या म्हणाला, "कालपासनं असंच हाय. सकाळपासनं चार गाड्या परत गेल्या." तेवढ्यात मागे एक टुरिस्ट टॅक्सी येऊन थांबली. ड्रायव्हर उतरला, माझ्याकडे न बघता चार्जरच्या कडेला गेला आणि तिथलं कुत्र्याच्या छत्रीसारखं लाल बटण उजवीकडे पिळलं. बटण टप्पकन बाहेर आलं. मिनिटभराने पडदा निळा झाला.

"पोरं दाबून जात्यात," तो म्हणाला.

ते आणीबाणीचं बटण. दाबलं की वीज तुटते, पिळल्याशिवाय परत येत नाही. एका बटणापायी दिवसभर तो चार्जर नकाशावर जिवंत आणि जागेवर मेलेला होता. 'आमच्या गावात चार्जर किती' या प्रश्नाला मी हल्ली थेट उत्तर देत नाही, ते यामुळेच.

प्रश्न मात्र वरचेवर कानावर येतो. राज्य सरकारने एप्रिल २०२५ मध्ये नवं इलेक्ट्रिक वाहन धोरण मंजूर केलं, त्यात मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलमाफी आली आणि महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचं ठरलं. तेव्हापासून पुण्या-मुंबईचे पाहुणे बॅटरीच्या गाड्या घेऊन गावी येऊ लागले आणि गावातले लोक विचारू लागले, आपल्याकडे घ्यावी का? सातारा हे उदाहरण घेतो, कारण ते माझ्या पायाखालचं आहे. पण सांगली, लातूर, चिपळूणच्या वाचकांनी नावं बदलून वाचलं तरी फारसं बिघडणार नाही.

### पेट्रोल पंप विसरा, गिरणी आठवा

आपली पहिली चूक होते ती तुलनेत. चार्जिंग स्टेशन म्हटलं की डोळ्यांपुढे पंप येतो. पाच मिनिटं, टाकी फुल्ल, चला. पण चार्जिंग हे पंपापेक्षा पीठगिरणीच्या जवळचं आहे. डबा ठेवायचा, नंबर लावायचा, मंडईत जाऊन यायचं, डबा घ्यायचा.

गिरणीला एक धाकटी बहीणही असते, घरघंटी. सावकाश दळते, पण रात्री लावून झोपलं तरी चालतं. ज्याच्या घरी घरघंटी आहे तो रोज गिरणीत जात नाही. लग्नाचं दळण निघालं तरच जातो. बॅटरीच्या गाडीचं नेमकं हेच आहे. घरच्या पार्किंगमध्ये १५ अँपिअरचा पॉइंट असेल तर रोजचं भागतं. सार्वजनिक चार्जर लागतो तो लांबच्या प्रवासाला, नाहीतर ज्याच्या घरी घरघंटी ठेवायला जागाच नाही त्याला. ही दोन गिऱ्हाइकं अगदी वेगळी आहेत. पुढे लक्षात राहू द्या.

### युनिट, किलोवॅट आणि गन

तीन शब्द समजले की पुरे. युनिट आपल्याला वीजबिलातून माहीत आहे. बॅटरीत किती वीज मावते हे युनिटमध्ये मोजतात. टाटाची पहिली नेक्सॉन ईव्ही २०२० मध्ये आली तेव्हा तिची बॅटरी ३०.२ युनिटची होती. स्कूटरच्या बॅटऱ्या दोन ते चार युनिटच्या आसपास असतात. किलोवॅट म्हणजे दळायचा वेग, म्हणजे तासाला किती युनिट आत जातात. गन म्हणजे गाडीत खुपसायचं टोक.

आता हिशोब. ३० युनिटची बॅटरी १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर न्यायची तर २१ युनिट लागतात. घरच्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर वेग साधारण ३ किलोवॅट, म्हणजे सात तास. भिंतीवरच्या ७.२ किलोवॅटच्या डब्यावर तीन तास. ३० किलोवॅटच्या जलद चार्जरवर पाऊण तास.

हा झाला कागदावरचा हिशोब. गोंधळ पुढे होतो.

बॅटरीला लागते एकदिश वीज, म्हणजे डीसी. आपल्या तारांमधून येते ती एसी, म्हणजे सारखी दिशा बदलणारी. कुठेतरी एसीची डीसी करावी लागते. जलद चार्जरमध्ये ते यंत्र चार्जरच्याच कपाटात असतं, म्हणून कपाट मोठं असतं आणि पंख्याचा आवाज करतं. साध्या एसी पॉइंटमध्ये ते यंत्र नसतंच. ते तुमच्या गाडीच्या पोटात असतं. त्या पहिल्या नेक्सॉनच्या पोटातलं यंत्र ३.३ किलोवॅटचं होतं. तिला ७.२ च्या डब्याला जोडा नाहीतर २२ च्या, ती आपल्या ३.३ नेच पिणार. एमजीच्या छोट्या कॉमेटला तर डीसीची सोयच नाही. तिच्यासाठी महामार्गावरचा जलद चार्जर म्हणजे शोभेचं कपाट.

गनचंही तसंच. भारतातल्या आजच्या बहुतेक गाड्या डीसीसाठी सीसीएस-२ आणि एसीसाठी टाइप-२ गन घेतात. पण २०१७ च्या सुमारास सरकारी मानकाप्रमाणे बसवलेले 'भारत डीसी ००१' चार्जर वेगळ्या गनचे आणि १५ किलोवॅटचे. स्कूटरवाल्यांची तर अजून वेगळी तऱ्हा आहे, एका कंपनीची गन दुसरीच्या गाडीत जाईलच असं नाही. नकाशा या सगळ्यांना एकाच हिरव्या ठिपक्याने दाखवतो. दहा ठिपके दिसले तर तुमच्या कामाचे चार असू शकतात.

### शेवटचे वीस टक्के आणि लग्नाची पंगत

"पाऊण तासात ८० टक्के, मग शंभरला एक तास पुरे ना?" नाही. पंगत बसताना बघा. पहिली शंभर माणसं भराभर बसतात, कारण जिकडे बघावं तिकडे पान रिकामं. शेवटच्या दहा जणांना 'इथं एक जागा आहे', 'तुम्ही जरा सरका' करत बसवावं लागतं. बॅटरीतल्या लिथियमच्या कणांनाही अशाच जागा शोधाव्या लागतात. भरत आली की त्यांना ढकलून घुसवणं धोक्याचं असतं, म्हणून गाडी स्वतःच वेग कमी करते. ८० ते १०० ला कधी कधी आधीच्या ७० टक्क्यांइतका वेळ जातो.

म्हणून जलद चार्जरवर ८० च्या पुढे बसून राहणं हे पंगतीत जेवण झाल्यावर पानावर गप्पा मारत बसण्यासारखं. मागे माणसं उभी असतात. त्या दिवशी टॅक्सीवाला माझ्या मागे उभा होता. मी ७८ ला गन काढली. (खरं सांगायचं तर चहाचं बिलही वाढत होतं.)

### 'उपलब्ध' म्हणजे नक्की काय?

चार्जरच्या आत मोबाइलसारखं एक सिमकार्ड असतं. ते कंपनीला कळवतं: मोकळा आहे, चालू आहे, बिघडला आहे. ॲपला तेवढंच दिसतं. रेंज गेली की काही ॲप शेवटची बातमीच दाखवत राहतात. शिवाय चार्जरसमोर डिझेलची गाडी सावलीला लावलेली असेल तर सिमकार्डाला ती दिसत नाही. हॉटेलचं गेट रात्री अकराला बंद होतं, हेही त्याला ठाऊक नसतं.

म्हणजे चार्जर 'उपलब्ध' असायला तो बसवलेला हवा, त्याला वीजजोडणी मिळालेली हवी, तो चालू हवा, त्याची गन तुमच्या गाडीची हवी, समोरची जागा मोकळी हवी आणि पैसे भरायचं ॲप तुमच्या फोनमध्ये हवं. माझ्या फोनमध्ये अशी सहा ॲप आहेत आणि प्रत्येकाच्या पाकिटात पन्नास-शंभर रुपये अडकले आहेत. गावातल्या भिशीत याहून शिस्त असते.

संसदेत दिलेल्या माहितीनुसार डिसेंबर २०२४ पर्यंत देशात २५,२०२ सार्वजनिक चार्जिंग स्टेशन होती, त्यातली ३,७२८ महाराष्ट्रात. आकडा वाईट नाही. पण तो 'बसवलेल्यां'चा आकडा आहे, वरच्या सहाही गोष्टी जुळलेल्यांचा नाही. मोठ्या शहरात एक बंद निघाला तर दोन किलोमीटरवर दुसरा असतो. लहान शहरात एक बंद पडला की निम्मी सोय गेली.

### नियम काय सांगतो?

केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केलं की गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे. त्यासाठी वीज परवाना लागत नाही. ही बारीक वाटणारी ओळ फार मोठी होती, कारण त्यानंतर हॉटेलवाला, दुकानदार, कुणीही चार्जर टाकू शकला. २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत शहरात ३ किलोमीटर लांब आणि ३ किलोमीटर रुंद अशा प्रत्येक चौकोनात एक आणि महामार्गावर दर २५ किलोमीटरला एक स्टेशन असावं असं आलं. सप्टेंबर २०२४ च्या नव्या सूचनांनी शहरातला चौकोन २०३० पर्यंत १ बाय १ किलोमीटरवर आणायचं लक्ष्य ठेवलं.

पुण्यात या चौकोनाला अर्थ आहे. साताऱ्यात राजवाड्यापासून पोवई नाका दोन-अडीच किलोमीटर. जुनं गाव तीन किलोमीटरच्या एका चौकोनात जवळजवळ मावतं. म्हणजे एका चार्जरने कागद भरला! तो चार्जर बॉम्बे रेस्टॉरंट चौकाजवळ महामार्गाला खेटून असला तर पुण्याहून कोल्हापूरला जाणाऱ्याची सोय झाली. शनिवार पेठेतल्या भाडेकरूची नाही.

### मग गावात चार्जर का वाढत नाहीत?

कारण गिरणी दळणावर चालते. समजा एकाने ३० किलोवॅटचा चार्जर टाकला. दिवसाचे २४ तास अखंड चालला तर ७२० युनिट जातील. प्रत्यक्षात रोज पाच गाड्या आल्या आणि प्रत्येकीने २० युनिट घेतले तर झाले १०० युनिट, म्हणजे क्षमतेच्या १४ टक्के. यंत्राचे काही लाख, जागेचं भाडं, सिम, दुरुस्तीला पुण्याहून येणारा माणूस, बिलातला स्थिर खर्च, हे सगळं त्या १०० युनिटांवर काढायचं. वर या सेवेवर १८ टक्के जीएसटी. घरी चार्जिंग केलं तर विजेवर जीएसटी नाही. जलद चार्जरचा दर वीस रुपये युनिटच्या आगेमागे का जातो आणि तरीही मालक खूश का दिसत नाही, याचं उत्तर इथे आहे.

साताऱ्याचं दळण शिवाय अतिशय असमान. पुण्याहून सातारा साधारण ११० किलोमीटर. खंबाटकी चढून आलेली गाडी इथवर पोहोचते तेव्हा पुढे महाबळेश्वर, कास किंवा कोल्हापूर गाठायच्या आधी थोडं भरून घ्यावं असं कुणालाही वाटतं. त्यामुळे कासला फुलं आली की सप्टेंबरातल्या शनिवारी रांग आणि मंगळवारी चार्जरवर कावळे. एका शनिवारची रांग बघून 'चार्जर कमी आहेत' म्हणणारा आणि मंगळवारचा शुकशुकाट बघून 'इथे गिऱ्हाईकच नाही' म्हणणारा, दोघेही खरंच बोलतात.

आणि बंद पडलेला चार्जर लवकर दुरुस्त का होत नाही, तेही यातूनच कळतं. ज्याच्यावर दिवसाला पाच गाड्या येतात त्याच्यासाठी माणूस धावत येत नाही.

### "पंपांवरच बसवून टाका की!"

बसवतायत. मार्च २०२३ मध्ये केंद्राने तिन्ही सरकारी तेल कंपन्यांना ७,४३२ जलद चार्जिंग स्टेशनसाठी ८०० कोटी रुपये मंजूर केले. पंपाकडे जागा, दिवे, चोवीस तास माणूस, सगळं असतं. पण पंप पाच मिनिटं थांबण्यासाठी बांधलेला असतो. पाऊण तास तिथे करणार काय? हवा तपासून झाली, काच पुसून झाली, मग? महामार्गावर चार्जर हॉटेलापाशीच शोभतो. शहरात तो गाडी एरवीही जिथे उभी असते तिथे हवा: मंडईचं पार्किंग, दवाखाना, कॉलेज, मंगल कार्यालय. मंगल कार्यालयात तर गाडी चार तास हलतच नाही. तिथे जलद चार्जरही नको, साधे सहा-आठ पॉइंट पुरे.

### "एवढी वीज आणणार कुठून?"

याचं उत्तर दोन पातळ्यांवर आहे. शहराच्या पातळीवर भीती अनाठायी आहे. १५ अँपिअरच्या पॉइंटवर लावलेली कार दीड टनाच्या दोन एसींइतकी वीज ओढते, स्कूटर त्याच्या निम्मीही नाही. उन्हाळ्यात एका वर्षात गावात जेवढे एसी वाढतात त्याला कुणी 'वीज कुठून आणणार' विचारत नाही.

गल्लीच्या पातळीवर मात्र अडचण खरी आहे. तिचं नाव डीपी. गल्लीच्या तोंडाशी खांबांवर बसलेला तो ट्रान्सफॉर्मर बऱ्याचदा १०० केव्हीएचा असतो, सोप्या भाषेत १०० किलोवॅटहून थोडा कमी, आणि पन्नासेक घरं त्यावर आधीच असतात. तिथे ६० किलोवॅटचा जलद चार्जर टाकणं म्हणजे चाळीतल्या एका नळावर लॉन्ड्री उघडणं. नवा डीपी लागतो, त्याला जागा लागते, खर्च कुणी करायचा ते ठरावं लागतं. चार्जरचं कपाट येऊन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उभं असतं आणि जोडणीची वाट बघतं, ते यामुळे. उलट रात्री दहानंतर त्याच डीपीवर दहा स्कूटर निवांत चार्ज होतात, तेव्हा तो तसाही झोपलेला असतो.

### "मग घरीच लावू. अडचण काय?"

बंगल्यात राहत असाल तर काहीच नाही. आहे त्या वीजजोडणीवरून स्वतःची गाडी चार्ज करायला मुभा आहे.

पेठेतल्या जुन्या घरात अडचण भिंतीतच असते. बॅटरीची गाडी अर्थिंगच्या बाबतीत सासूपेक्षा कडक. सॉकेटला तीन भोकं दिसतात, पण वाड्यातल्या जुन्या वायरिंगमध्ये तिसऱ्या भोकामागे कधी कधी तारच नसते. इस्त्री, मिक्सर बिनतक्रार चालतात. गाडीची केबल लावली की लाल दिवा, 'नाही घेणार'. मित्राच्या घरी हेच झालं. वायरमनने परसात खड्डा खणला, तांब्याची पट्टी सोडली, मीठ आणि कोळसा भरला आणि जाताना बजावलं, "वैनी, उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली पाणी ओतत जा." ओल गेली की अर्थिंग कमजोर होतं. मित्राची बायको आता तुळशीला पाणी घालून उरलेली बादली गाडीच्या खड्ड्यात ओतते.

आणि एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी लावू नका. सात तास सलग पूर्ण भार ओढणं हे त्या बोर्डाचं काम नाही. तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडून खाली स्कूटर चार्ज करणारी मंडळी मी पाहिली आहेत. त्यांना घरघंटीची हौस आहे, पण जागा नाही. लहान शहरातलं खरं अडलेलं गिऱ्हाईक हे: पार्किंग नसलेला, स्कूटर घेऊ पाहणारा, पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू. त्याला ६० किलोवॅटचं कपाट नको. त्याला गल्लीच्या कोपऱ्यावर, खांबाला लावलेला ३ किलोवॅटचा, मीटर असलेला, मोबाइलने चालू होणारा साधा पॉइंट हवा. अशा स्वस्त पॉइंटसाठी भारतीय मानक २०२१ मध्येच आलं, किंमत साडेतीन हजारांच्या आत ठेवायचं लक्ष्य धरून. जलद चार्जरचं उद्‌घाटन करता येतं, नारळ फोडता येतो, फोटो येतो. खांबावरच्या डबीचा फोटो कोण छापणार?

### "बॅटरी बदलूनच मिळाली तर?"

रिक्षा आणि डिलिव्हरीच्या स्कूटरसाठी मोठ्या शहरांत ते चालतं. पण प्रत्येक कंपनीची बॅटरी वेगळ्या मापाची आहे तोवर लहान शहरात एका कंपनीच्या बॅटऱ्यांचं कपाट पोसण्याइतक्या गाड्या जमत नाहीत. काही स्कूटरची बॅटरी काढून घरात नेता येते. तिसऱ्या मजल्यावरच्याला सध्या तो मार्ग जास्त कामाचा.

### आमच्या गल्लीतली गिरणी

हे लिहिताना गहू दळायला गेलो होतो. गिरणीवाल्याला सांगितलं, मी तुझी गिरणी लेखात घेतोय. तो हसला. मग पट्टा थांबवून, पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून म्हणाला, "सर, आपल्याकडं थ्री फेज हायच की. आठला गिरणी बंद. रात्रभर लाइन मोकळीच असती. दोन डब्या भिंतीवर मारल्या तर?"

वेगळं मीटर घ्यावं लागेल, मी म्हणालो, दर वेगळा आहे. पण जमण्यासारखं आहे. गल्लीत बॅटरीच्या गाड्या किती?

त्याने बोटांवर मोजल्या. "स्कूटरी सात. आणि कार एक."

"कार कुणाची?"

"ती पुण्याला असती. गणपतीत येती."